द्रव ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो, द्रव नायट्रोजन का नाही चिकटत?

एक प्रयोग आहे, त्याचा व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा. मोठ्या चुंबकाचे दोन ध्रुव समोरासमोर ठेवलेत, मध्ये बोटभर फट, आणि वरून द्रव नायट्रोजन ओततात. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा तो पाण्यासारखा रंगहीन द्रव फटीतून सरळ खाली पडतो, जसा चुंबक तिथे नाहीच. मग द्रव ऑक्सिजन ओततात. हा फिकट निळा असतो, उणे १८३ अंशाला उकळतो, आणि हा खाली पडतच नाही, दोन ध्रुवांच्या मध्ये पूल बांधल्यासारखा अडकून राहतो आणि तिथल्या तिथे उकळून हवेत निघून जातो. दोन्ही रोज आपल्या नाकातून आत जाणारे वायू, आवर्तसारणीत एकमेकांचे शेजारी, दोघांचे रेणू दोन-दोन अणूंचे, लोखंडाचा कुठे पत्ता नाही. मग एकालाच चुंबक का धरून ठेवतो?

चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या अशा पदार्थांना पॅरामॅग्नेटिक म्हणतात, आणि जे अगदी हलकेच दूर ढकलले जातात ते डायमॅग्नेटिक. परीक्षेत याचं एका ओळीचं उत्तर लिहून मार्क मिळतात, की रेणूत एकटा इलेक्ट्रॉन असेल तर पॅरा, सगळे जोडीत असतील तर डाया. उत्तर बरोबरच आहे, पण मला नेहमी वाटतं की ते पाठ करून आपण खरी मजेची गोष्ट सोडून देतो. इलेक्ट्रॉन एकटा राहतोच का, त्याला जोडी करण्यापासून कोण अडवतं, आणि तेच लोखंड एका कंपाउंडमध्ये चुंबकाकडे जातं आणि दुसऱ्यात पाठ फिरवतं ते कशामुळे, हे कळलं की विषय उलगडतो.

सुरुवात इलेक्ट्रॉनपासून करू. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात, १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुण डच फिजिसिस्टनी ही कल्पना मांडली. नाव स्पिन असलं तरी इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय असं चित्र डोळ्यासमोर आणू नका, जसं त्याला वस्तुमान आहे, चार्ज आहे, तसंच हे चुंबकपणही जन्मापासून त्याच्यासोबत आहे एवढंच धरून चला. क्षेत्रात ठेवलं की या चुंबकाला दोनच दिशा घेता येतात, आपण त्यांना वर आणि खाली म्हणू. आता त्याच वर्षी पाउलीने मांडलेला नियम सांगतो की एका ऑर्बिटलमध्ये, म्हणजे अणूत किंवा रेणूत इलेक्ट्रॉनला बसायच्या एका ठरावीक जागेत, जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात आणि तेही उलट्या स्पिनचेच. म्हणजे जोडी झाली की एक चुंबक वर, एक खाली, बेरीज शून्य. जोडीतल्या इलेक्ट्रॉनांचं चुंबकपण बाहेरून दिसतच नाही.

पण जोडी करणं फुकट होत नाही. एकाच ऑर्बिटलमध्ये म्हणजे एकाच छोट्या जागेत दोन ऋण चार्ज कोंबायचे, ते एकमेकांना ढकलणारच. शिवाय एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन क्वांटम नियमांमुळे आपोआप एकमेकांपासून अंतर राखतात, त्यामुळे त्यांच्यातली ढकलाढकल कमी होते, आणि जोडी केली की हा फायदाही हातचा जातो. म्हणून सारख्या ऊर्जेची दोन-तीन ऑर्बिटल मोकळी असतील तर इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून, आणि जागा संपल्या की मगच जोड्या करतात. हाच हुंडचा नियम. जोडी करताना होणाऱ्या या तोट्याला मी जोडीची किंमत म्हणणार आहे. आणि जोडी टाळायची असेल तर दुसरी किंमत मोजावी लागते, वरच्या ऊर्जेच्या ऑर्बिटलमध्ये चढून बसायची. ही दोन किमतींची तुलना लक्षात ठेवा, पुढे लोखंड-कोबाल्टपर्यंत हाच एक व्यवहार परत परत येणार आहे.

आता डायमॅग्नेटिक म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की डायमॅग्नेटिक म्हणजे चुंबकाचा ज्यावर काहीच परिणाम होत नाही ते. परिणाम होतो. कोणत्याही पदार्थाला चुंबकीय क्षेत्रात नेलं की त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत किंचित फरक पडतो, आणि त्या फरकातून जे इवलं क्षेत्र तयार होतं ते बाहेरच्या क्षेत्राच्या विरुद्ध दिशेला असतं. कॉइलमध्ये चुंबक सरकवला की विरोध करणारा करंट तयार होतो ना, लेन्झच्या नियमाने, त्याच जातीची ही गोष्ट अणूच्या पातळीवर होते. यासाठी एकटा इलेक्ट्रॉन लागत नाही, जोडीतलेही चालतात, त्यामुळे डायमॅग्नेटिझम सगळ्यांकडे असतो. पॅरामॅग्नेटिक पदार्थातही तो असतोच, फक्त त्याच्यावर दुसरी मोठी गोष्ट मात करते म्हणून दिसत नाही.

बिस्मथ चुंबकापासून दूर ढकलला जातो हे ब्रुगमन्सने १७७८ मध्येच बघितलं होतं, पण हा सगळ्याच पदार्थांचा गुण आहे हे उमजायला १८४५ साल उजाडलं. फॅरेडेने शिसं असलेल्या जड काचेचा तुकडा दमदार इलेक्ट्रोमॅग्नेटच्या ध्रुवांमध्ये टांगला, तर तो लोखंडाच्या पट्टीसारखा एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे न वळता बरोबर आडवा होऊन थांबला. मग त्याने हाताला लागेल ती वस्तू टांगून बघायचा सपाटा लावला आणि जवळजवळ प्रत्येक वस्तू काही ना काही प्रतिसाद देते हे त्याच्या लक्षात आलं. डायमॅग्नेटिक हा शब्द त्याच्यामुळेच रूढ झाला.

हा ढकलण्याचा जोर मात्र फार कमी असतो. पाण्याचं उदाहरण घ्या, क्षेत्राच्या दहा लाख भागांमागे फक्त नऊ भाग विरोध. घरातल्या चुंबकाने तो जाणवत नाही, पण क्षेत्र पुरेसं मोठं केलं की जाणवतो. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेगेनला आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी साधारण १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात जिवंत बेडूक हवेत तरंगवून दाखवला. बेडकाला कसलाही लेप लावलेला नव्हता, त्याच्या अंगातलं पाणी आणि बाकी जवळजवळ सगळं डायमॅग्नेटिक असतं तेवढंच पुरलं.

पॅरामॅग्नेटिझम वेगळ्या वाटेने येतो. इथे एकटा इलेक्ट्रॉन आहे म्हणजे तयार चुंबक आधीच हजर आहे, बाहेरचं क्षेत्र फक्त त्याला दिशा देतं. क्षेत्र नसताना असे अब्जावधी चुंबक वाटेल तिकडे तोंड करून असतात आणि एकूण बेरीज शून्य असते. क्षेत्र आलं की त्यांना क्षेत्राच्या दिशेला वळणं सोयीचं पडतं, पण उष्णता त्यांना सतत हलवत असते, त्यामुळे वळतात ते फार थोडे. किती थोडे याचा हिशोब करण्यासारखा आहे. खोलीच्या तापमानाला १ टेस्लाचं क्षेत्र लावलं, म्हणजे बरंच मोठं क्षेत्र, तर हजार एकट्या इलेक्ट्रॉनांपैकी सुमारे ५०१ क्षेत्राच्या बाजूने असतात आणि ४९९ विरुद्ध. हजारात दोनाचा फरक, आणि तेवढ्यावर द्रव ऑक्सिजनसारखे पदार्थ चुंबकाला लटकतात (तो थंड असतो आणि त्यात एकेका रेणूमागे दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तिथे फरक आणखी मोठा पडतो). डायमॅग्नेटिझमशी तुलना करायची तर एका मोलमागे, म्हणजे दोन्हीकडे रेणूंची संख्या सारखीच धरून, मोजलेले आकडे बघा, एकाच एककात पाण्याचा येतो उणे १३ आणि ऑक्सिजन वायूचा खोलीच्या तापमानाला येतो अधिक ३४०० च्या आसपास. एकटा इलेक्ट्रॉन असला की ढकलणारा भाग झाकला जातो तो यामुळे.

उष्णता आड येते म्हटल्यावर थंड केलं की पॅरामॅग्नेटिझम वाढणार हे ओघानेच आलं. पिअर क्युरीने १८९५ मध्ये हे मोजून नियमात बसवलं, तापमान निम्मं केलं तर परिणाम दुप्पट, अर्थात तापमान केल्विनमध्ये धरायचं. डायमॅग्नेटिझम मात्र तापमानाला फारशी दाद देत नाही कारण तिथे दिशा द्यायला तयार चुंबकच नसतो. अनोळखी पावडर हातात आली तर ती थंड करून परत मोजायची, आकडा कसा बदलतो त्यावरूनच आत काय चाललंय याचा बराच अंदाज येतो.

आता कंपाउंडकडे. बहुतेक कंपाउंड डायमॅग्नेटिक का असतात? कारण बाँड म्हणजेच मुळात इलेक्ट्रॉनची जोडी. सोडियमच्या अणूत एक एकटा इलेक्ट्रॉन आहे, क्लोरीनच्या अणूतही एक आहे, सुटे अणू दोन्ही पॅरामॅग्नेटिक, पण सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकला की दोघांकडे सगळे जोडीतच उरतात आणि सोडियम क्लोराइड डायमॅग्नेटिक होतं. मिथेन, बेंझीन, पाणी, अमोनिया, अल्कोहोल, सगळे याच गटात. बाँड होताना खाली जाणारी ऊर्जा इतकी मोठी असते की जोडीची किंमत त्यापुढे किरकोळ ठरते.

मग अपवाद कोण, तर पहिला सोपा अपवाद म्हणजे ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनांची संख्याच विषम आहे ते, तिथे कसंही बसवा, एक उरणारच. नायट्रिक ऑक्साइडमध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन ११, नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये १७, क्लोरीन डायऑक्साइडमध्ये १९, तिन्ही पॅरामॅग्नेटिक. यातला नायट्रोजन डायऑक्साइड मला फार शिकवून जाणारा वाटतो. तपकिरी वायू आहे, बंद नळीत घालून बर्फात ठेवला की रंग फिकट होत जातो, कारण दोन-दोन रेणू आपापले एकटे इलेक्ट्रॉन एकत्र आणून बाँड करतात आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनतं, ते रंगहीन आणि डायमॅग्नेटिक. गरम केलं की बाँड तुटतो, रंग परत, पॅरामॅग्नेटिझम परत. क्लोरीन डायऑक्साइडमध्ये मात्र तो एकटा इलेक्ट्रॉन सगळ्या रेणूवर पसरलेला असतो त्यामुळे शेजाऱ्याशी बाँड करून फारसं काही मिळत नाही, आणि ते तसंच एकटं राहतं.

कधीकधी जागाच आडवी येते. १९०० मध्ये गोम्बर्गने मधल्या एका कार्बनला तीन बेंझीन रिंग लावलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचा प्रयत्न केला, पण रिंगांची गर्दी इतकी की कार्बन कार्बनजवळ नीट येऊच शकले नाहीत, आणि द्रावणात एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे तुकडे मिळाले. कार्बनला चार हात असतात असं पक्कं डोक्यात बसलेल्या काळात तीन हातांचा कार्बन मान्य करून घेणं सोपं नव्हतं.

आता परत ऑक्सिजनकडे येऊ. त्याच्याकडे बाहेरचे इलेक्ट्रॉन १२ आहेत, म्हणजे सम. शाळेत काढतो तशी टिंबांची आकृती काढली तर दोन अणूंमध्ये डबल बाँड आणि प्रत्येकावर दोन जोड्या, सगळे नीट जोडीत, म्हणजे डायमॅग्नेटिक यायला हवा. तो पडला चुंबकाला चिकटणारा! टिंबांची आकृती इथे तोंडावर पडते. दोष तिचा एवढाच की ती इलेक्ट्रॉनांना जोडीजोडीनेच मोजते, एकटं बसायची सोय तिच्यात ठेवलेलीच नाही.

मॉलिक्युलर ऑर्बिटलची पद्धत वापरली की कोडं सुटतं, लेनार्ड-जोन्सने १९२९ मध्ये ते असंच सोडवून दाखवलं. या पद्धतीत ऑर्बिटल एकेका अणूची न राहता पूर्ण रेणूची असतात, खालच्या ऊर्जेची बाँड घट्ट करणारी आणि वरची बाँड सैल करणारी. खालून भरत जायचं. नायट्रोजनच्या १० इलेक्ट्रॉनांनी भरायला घेतलं तर बरोबर एका पायरीपर्यंत सगळ्या जोड्या पूर्ण होतात, वर काही उरत नाही, म्हणून नायट्रोजन डायमॅग्नेटिक आणि बाँड तिहेरी. ऑक्सिजनकडे दोन इलेक्ट्रॉन जास्त. त्यांच्यापुढे वरची दोन सैल करणारी ऑर्बिटल आहेत आणि दोघांची ऊर्जा अगदी सारखी आहे. इथे हुंडचा नियम लागतो, दोघं एकाच ठिकाणी कशाला बसतील, एकेका ऑर्बिटलमध्ये एकेक, दोन्ही स्पिन एका दिशेला. दोन एकटे इलेक्ट्रॉन, म्हणून पॅरामॅग्नेटिक.

या स्पष्टीकरणाची ताकद पुढच्या पायऱ्यांत दिसते. ऑक्सिजनच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन जास्त दिला की सुपरऑक्साइड होतो, म्हणजे पोटॅशियम सुपरऑक्साइडमधला, तिथे एक ऑर्बिटल जोडीने भरलं आणि एकात एकटा उरला, म्हणून पॅरामॅग्नेटिक पण कमी. आणखी एक दिला की पेरॉक्साइड, सोडियम पेरॉक्साइडमधला, आता दोन्ही भरली, डायमॅग्नेटिक. ओझोनमध्येही सगळे जोडीत, तो डायमॅग्नेटिक. हे सगळं मोजून बघितलं तर असंच येतं.

ऑक्सिजनच्या या दोन एकट्या इलेक्ट्रॉनांचा आपल्या जगण्याशी थेट संबंध आहे, आणि याबद्दल कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. लाकूड, कापड, आपलं शरीर, हे सगळं जोडीतल्या इलेक्ट्रॉनांचं बनलंय. दोन समांतर स्पिन असलेला ऑक्सिजन अशा पदार्थाशी थेट बाँड करायला गेला तर एक स्पिन उलटावा लागतो, आणि ते सहजासहजी होत नाही. म्हणून ऊर्जेच्या हिशोबाने जळून जायला हवेत असे पदार्थ हवेत वर्षानुवर्षे निवांत राहतात, काडी लावेपर्यंत. ज्यात दोन्ही इलेक्ट्रॉन जोडी करून बसलेत असा ऑक्सिजनही बनवता येतो, त्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात, मोलमागे सुमारे ९४ किलोज्यूल जास्त ऊर्जेचा, आणि तो कितीतरी आक्रमकपणे रिअॅक्शन करतो.

इथवर जे झालं ते साध्या रेणूंचं. खरा रंगमंच म्हणजे ट्रान्झिशन मेटल, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, मँगनीज वगैरे. यांच्याकडे पाच डी ऑर्बिटल असतात आणि ती बहुतेक वेळा अर्धवट भरलेली असतात. सुट्या आयनमध्ये पाचही सारख्या ऊर्जेची. पण कंपाउंडमध्ये आयन सुटा नसतो, त्याच्याभोवती पाणी, अमोनिया, क्लोराइड, सायनाइड असे शेजारी असतात, त्यांना लिगँड म्हणतात. समजा सहा लिगँड आहेत, वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. पाचपैकी दोन डी ऑर्बिटलांची तोंडं थेट या लिगँडच्या दिशेला आहेत, तिथे बसणाऱ्या इलेक्ट्रॉनला लिगँडच्या इलेक्ट्रॉनांची धडक बसते, म्हणून त्या दोन जागा ऊर्जेने वर जातात. बाकी तीन ऑर्बिटल दोन लिगँडच्या मधल्या मोकळ्या दिशांना आहेत, त्या खाली राहतात. तीन खाली, दोन वर, मध्ये एक फट.

आता लोखंडाचा दोन प्लस आयन, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अणू घ्या, डी इलेक्ट्रॉन सहा. तीन खाली एकेकटे बसले, चौथ्याचं काय? खालीच कुणाशी तरी जोडी कर, म्हणजे जोडीची किंमत दे, किंवा फट ओलांडून वर जा आणि तिची किंमत दे. जे स्वस्त असेल ते होतं. लिगँड पाणी असेल तर फट लहान, मोलमागे सुमारे १२५ किलोज्यूल, वर चढणं स्वस्त. सहा इलेक्ट्रॉन पाचही जागांत पसरतात, एकच जोडी होते, चार एकटे राहतात, कंपाउंड चांगलंच पॅरामॅग्नेटिक. फेरस सल्फेटचे हिरवट खडे म्हणजे हेच. लिगँड सायनाइड असेल तर फट साधारण तिपटीच्या घरात जाते, तेवढं चढण्यापेक्षा जोडी करणं परवडतं, सहाच्या सहा खालच्या तीन जागांत जोड्या करून बसतात, एकटा कुणी नाही. पोटॅशियम फेरोसायनाइड, पिवळे खडे, आत लोखंड आहे आणि तरी डायमॅग्नेटिक! लोखंड आहे म्हणजे चुंबकाकडे जाणार हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही.

फेरीसायनाइडमध्ये लोखंड तीन प्लस आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन पाच, सायनाइडने कितीही दाबून जोड्या करायला लावल्या तरी विषम संख्येतला एक उरतो, त्यामुळे ते पॅरामॅग्नेटिक. कोबाल्ट तीन प्लसकडे सहा इलेक्ट्रॉन, फ्लोराइडच्या संगतीत चार एकटे, अमोनियाच्या संगतीत एकही नाही. कोणता लिगँड फट किती वाढवतो याचा क्रम त्सुचिदा या जपानी केमिस्टने १९३८ मध्ये कंपाउंडच्या रंगांवरून लावला, आयोडाइड सगळ्यात कमजोर, मग ब्रोमाइड, क्लोराइड, फ्लोराइड, पाणी, अमोनिया असं करत शेवटी सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. शेवटचे दोघं जोरदार का, तर ते मेटलला आपली जोडी देतात आणि वर मेटलच्या खालच्या तीन ऑर्बिटलांमधले इलेक्ट्रॉन आपल्या रिकाम्या जागेत थोडे ओढून घेतात, त्यामुळे खालच्या जागा अजून खाली जातात आणि फट रुंदावते.

फट आणि जोडीची किंमत अगदी बरोबरीला आली तर काय होतं? मग कंपाउंड तापमानावर ठरवतं. लोखंडाची अशी कंपाउंड माहीत आहेत, फेनान्थ्रोलीन आणि थायोसायनेट लावलेलं एक तर सुमारे १७६ केल्विनला अचानक बदलतं, त्याखाली डायमॅग्नेटिक, त्यावर चार एकट्या इलेक्ट्रॉनांचं पॅरामॅग्नेटिक. कुठला अणू आला नाही, गेला नाही.

निकेलमध्ये आकारावर सगळं ठरतं. निकेल दोन प्लसकडे आठ इलेक्ट्रॉन. चार क्लोराइड चार कोपऱ्यांत, टेट्राहेड्रल, तर दोन एकटे उरतात, पॅरामॅग्नेटिक. चार सायनाइड एका सपाट चौकोनात बसले तर एक ऑर्बिटल इतकं वर फेकलं जातं की तिकडे कोणी जातच नाही, आठ इलेक्ट्रॉन खालच्या चारांत जोड्या करतात, डायमॅग्नेटिक. प्रॅक्टिकलला निकेल ओळखायला डायमिथाइलग्लायॉक्झिम घालून जो लालभडक साका येतो तोही चौकोनी आणि डायमॅग्नेटिक. प्लॅटिनम, पॅलेडियम अशा खालच्या ओळीतल्या मेटलांमध्ये फट मुळातच मोठी असते, त्यामुळे तिथे जोड्या करणं हाच रिवाज, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन त्यातलंच. झिंक दोन प्लस आणि कॉपर एक प्लसकडे दहाही इलेक्ट्रॉन भरलेले, प्रश्नच मिटला. कॉपर दोन प्लसकडे नऊ, म्हणून मोरचूद पॅरामॅग्नेटिक.

आतले एकटे इलेक्ट्रॉन मोजायचे कसे? तराजूने, खरंच. गुई बॅलन्स म्हणतात त्यात नळीत पावडर भरून ती तराजूला अशी टांगतात की तिचं खालचं टोक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये येईल, मग चुंबक चालू नसताना एक वजन आणि चालू असताना एक. वाढलं तर पॅरा, किंचित घटलं तर डाया. शांतिस्वरूप भटनागर आणि माथुर यांनी १९२८ मध्ये प्रकाशाच्या इंटरफिअरन्सवर चालणारा याहून नाजूक बॅलन्स बनवला होता. वजनातल्या फरकावरून मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे एकेका आयनच्या चुंबकपणाचं माप, काढतात, आणि त्याचं सूत्र सोपं आहे, एकटे इलेक्ट्रॉन जितके, तो आकडा घ्या, त्यात दोन मिळवून जे येईल त्याने मूळ आकड्याला गुणा, वर्गमूळ काढा. एकाला १.७३, दोनला २.८३, तीनला ३.८७, चारला ४.९०, पाचला ५.९२, एकक बोर मॅग्नेटॉन. मँगनीज दोन प्लसची साधी मिठं मोजली तर ५.९ च्या आसपासच येतात. फेरीसायनाइडचा मात्र १.७३ ऐवजी २.३ च्या जवळ येतो, कारण तिथे स्पिनशिवाय इलेक्ट्रॉनच्या ऑर्बिटलमधल्या फिरण्याचंही चुंबकपण भर घालतं. कोबाल्ट दोन प्लसमध्येही असा फरक पडतो, म्हणून आकडा जुळला नाही की लगेच प्रयोग चुकला असं समजू नये.

रंगावरून अंदाज बांधू नका हेही सांगून टाकतो. रंगीत म्हणजे पॅरामॅग्नेटिक असं बरेच जण मानतात कारण ट्रान्झिशन मेटलची कंपाउंड रंगीत असतात. पोटॅशियम परमँगनेट गडद जांभळं असतं आणि त्यातल्या मँगनीजकडे डी इलेक्ट्रॉन शून्य आहेत, रंग ऑक्सिजनकडून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन उडी मारतो त्यातून येतो. मोजलं तर त्यात अगदी बारीकसा पॅरामॅग्नेटिझम सापडतो, पण तो तापमानाने बदलत नाही आणि एकट्या इलेक्ट्रॉनचा नाही. आणि कॉपर अॅसिटेट त्याच्या उलट, दर तांब्यामागे एक एकटा इलेक्ट्रॉन आहे, पण रेणूत दोन तांबी जवळजवळ बसलेली आहेत आणि त्यांचे इलेक्ट्रॉन अॅसिटेटच्या पुलावरून एकमेकांच्या उलट तोंड करून जुळतात. थंड करत गेलं की क्युरीच्या नियमाप्रमाणे चुंबकपण वाढायला हवं, इथे ते खूप थंड केल्यावर घटत जाऊन जवळजवळ संपतं. ब्लिनी आणि बावर्स यांनी १९५२ मध्ये त्याचा अर्थ लावला.

सगळ्यात शेवटी रक्त, कारण लोखंड आणि ऑक्सिजन दोघंही तिथे भेटतात. रक्तात लोखंड आहे म्हणून चुंबकाचं कडं घातलं की रक्त ओढलं जातं, वाहतं राहतं असं सांगून वस्तू विकल्या जातात, त्याला काही आधार नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्ये रक्त मोजून बघितलं. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमध्ये प्रत्येक हीममागे (हीम म्हणजे त्यातला लोखंड धरून ठेवणारा भाग) चार एकटे इलेक्ट्रॉन, पॅरामॅग्नेटिक. ऑक्सिजन स्वतः दोन एकट्यांचा, तोही पॅरामॅग्नेटिक. आणि दोघं जोडले गेले की शून्य, ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन डायमॅग्नेटिक! दोन पॅरामॅग्नेटिक एकत्र येऊन डायमॅग्नेटिक होतात, आणि ते इलेक्ट्रॉन नेमके कसे जुळवून घेतात यावर केमिस्ट लोकांनी नंतर अनेक दशकं वाद घातलाय.

या फरकाचा आज रोज उपयोग होतो. ऑक्सिजन सोडलेलं रक्त पॅरामॅग्नेटिक असल्यामुळे आजूबाजूच्या बारीक भागात एमआरआयचं क्षेत्र थोडं बिघडवतं आणि तिथला सिग्नल कमी होतो. ओगावा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे लागतो त्यापेक्षा जास्त ताजं रक्त धावतं, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं, बिघाड कमी होतो, सिग्नल काही टक्क्यांनी उजळतो. बोट हलवताना, काही वाचताना मेंदूच्या चित्रात जो भाग चमकताना दाखवतात तो तिथल्या हीममधल्या चार इलेक्ट्रॉनांनी जोड्या केल्यामुळे दिसतो.